ताम्रपटावरचे घर

ताम्रपट हा शब्द कानी पडला की आपल्यासमोर एखाद्या राजाचे दानपत्र उभे राहते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली अक्षरे, राजाची मुद्रा, दिलेल्या गावाच्या चतुःसीमा, दान घेणाऱ्याचे गोत्र, हे दान चंद्रसूर्य असेतोवर चालावे असा आशीर्वाद आणि ते मोडील त्याला शाप, असा त्याचा सर्वसाधारण घाट असतो. महसुलाच्या दप्तरात ज्याचे निम्मे आयुष्य गेले आहे अशा माझ्यासारख्याला तर ताम्रपट म्हणजे प्रथम जमिनीचा दस्तऐवज वाटतो. तो इतिहासाचे साधन आहे ही आठवण मागाहून येते. परंतु तांब्याच्या पत्र्यावर घर उमटविण्याची आणखी एक रीत आहे. ती राजाची नाही, चित्रकाराची आहे. इंग्रजीत तिला एचिंग म्हणतात. मराठीत आपण तिला अम्लरेखन असे नाव दिले आहे. नोकरीच्या निमित्ताने काही काळ कुंभकोणमला राहण्याचा योग आला, तेव्हा हे दोन ताम्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहावेत असे माझ्या मनात आले. त्याविषयी आज चार शब्द सांगणार आहे.

अम्लरेखनाची कृती सांगायला सोपी आणि साधायला कठीण आहे. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा गुळगुळीत करतात. त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात व तो धुरावर धरून काळा करून घेतात. मग चित्रकार अणकुचीदार सुईने त्या काळ्या थरावर रेघा ओढतो. ही सुई तांब्याला कापीत नाही. ती मेण तेवढे बाजूला सारते आणि खालचे तांबे उघडे करते. खोदण्याचे काम पुढे अम्ल करते. पत्रा अम्लात बुडविला म्हणजे जेथे मेण शाबूत आहे तेथे काही होत नाही आणि जेथे तांबे उघडे पडले आहे तेथे अम्ल त्याला खाऊ लागते. पत्रा जितका वेळ अम्लात राहील तितकी रेघ खोल जाते. जी रेघ फिकी राहावी असे वाटते ती चित्रकार लवकर झाकून टाकतो आणि जी गडद व्हावीशी वाटते ती पुन्हा अम्लाच्या स्वाधीन करतो. शेवटी मेण पुसून पत्र्याच्या खाचांत शाई भरतात, वरची शाई मलमलीने टिपून घेतात, ओलसर कागद पत्र्यावर ठेवतात आणि दोन्ही मिळून दाबयंत्राच्या रुळांखालून काढतात. खाचांतली शाई कागद उचलून घेतो. कागदावर चित्र उमटते ते मात्र उलटे. पत्र्यावर जे उजवीकडे होते ते कागदावर डावीकडे येते, आणि अक्षरे सरळ वाचता यावीत अशी इच्छा असेल तर ती पत्र्यावर उलटी लिहावी लागतात.

राजाचा ताम्रपट आणि चित्रकाराचा ताम्रपट यांत पहिला भेद येथेच दिसतो. राजाचा कारागीर छिन्नीच्या जोराने अक्षर कोरतो. चित्रकार जागा उघडी करून देतो आणि खोली येते ती काळाच्या हातून. घर सोडून गेलेल्या माणसाच्या आठवणींचेही असेच नाही काय? घर सोडताना मनावर बारीक ओरखडे उठलेले असतात. ते त्या दिवशी फारसे खोल नसतात. पुढे वर्षे त्यांवर काम करतात. कोणती आठवण फिकी राहील आणि कोणती गडद होईल हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नाही. आणि नव्या गावी बसून जुने घर आठवू लागले की पुष्कळदा ते उलटे उमटते. जी खोली लहानपणी अंधारी म्हणून नकोशी होती तीच साऱ्या घरातली सुखाची जागा वाटू लागते.

या कलेत स्थलांतराचा विषय नवा नाही. हॉलंडचा चित्रकार रेम्ब्रांट याने आपल्या आयुष्यात सुमारे तीनशे अम्लरेखने केली आणि त्यांत बाळ येशूला घेऊन मेरी व जोसेफ इजिप्तकडे पळून जात आहेत हा प्रसंग त्याने पुन्हा पुन्हा रेखाटला. एक गाढव, एक आई, एक मूल आणि पुढे चालणारा बाप. राजाच्या भीतीने रातोरात घर सोडणारे हे कुटुंब त्याच्या मनातून जात नसे. यांपैकी एका चित्राची कथा मला विशेष वाटते. हर्क्युलिस सेगर्स या त्याच्या आधीच्या चित्रकाराने कोरलेला एक पत्रा रेम्ब्रांटच्या हाती आला होता. त्यावर विस्तीर्ण निसर्गदृश्य होते आणि पुढे टोबायस व देवदूत यांच्या मोठ्या आकृती होत्या. १६५३ च्या सुमारास रेम्ब्रांटने त्या दोन आकृती घासून काढल्या आणि त्या जागी आपले प्रवासी कुटुंब बसविले. मागचे डोंगर आणि दरी त्याने बहुतांशी तशीच ठेवली. पण तांबे पूर्णपणे विसरत नाही. रेम्ब्रांटने त्या जागी झाडी रेखाटली खरी, परंतु नीट पाहणाऱ्याला त्या झाडीत देवदूताच्या पंखाच्या खुणा अजून दिसतात. जुन्या पत्र्यावर नवे कुटुंब येऊन वसते आणि आधीच्या रहिवाशाची खूण त्याच्या पाठीमागे राहून जाते. वसाहतींचा सारा इतिहास या एका पत्र्यात सामावलेला आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या काळात हा विषय सर्वांत निष्ठेने हाताळला तो झरीना हाश्मी या चित्रकर्तीने. तिचा जन्म १९३७ मध्ये अलीगढला झाला. वडील तेथील विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. तिने पदवी घेतली ती गणिताची. परराष्ट्रसेवेतील अधिकाऱ्याशी तिचा विवाह झाला आणि त्याच्या बदल्यांबरोबर गावोगाव, देशोदेशी बिऱ्हाडे थाटणे तिच्या वाट्याला आले. पॅरिसमध्ये स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या प्रसिद्ध कार्यशाळेत तिने तांब्यावरचे काम शिकून घेतले. फाळणीनंतर काही वर्षांनी आईवडील पाकिस्तानात गेले, आणि अलीगढचे घर अलीगढलाच राहिले. तिच्यापुरते ते कायमचे मागे पडले. पुढे ती न्यूयॉर्कला स्थायिक झाली आणि २०२० मध्ये लंडनला वारली.

१९९४ मध्ये तिने एक अम्लरेखन केले. त्याचे नाव 'वडिलांचे घर, १८९८ ते १९९४'. चित्रात माणूस नाही, झाड नाही, खिडकीतून पडणारा उजेड नाही. इमारतीचा नकाशा असतो तसा अलीगढच्या घराचा नकाशा आहे आणि त्यात उर्दूत शब्द लिहिलेले आहेत. शीर्षकातली दोन वर्षे पाहिली की लक्षात येते, या घराचे मोजमाप फुटांत नसून वर्षांत आहे. १९९७ मध्ये तिने नऊ अम्लरेखनांचा एक संच केला. आयुष्यात तिने जी जी घरे वसविली, बँकॉक, दिल्ली, पॅरिस, बॉन, न्यूयॉर्क अशा ठिकाणची, त्यांचे आराखडे त्यात आहेत. काळ्या रेघेचे चौकोन आणि त्यांत दारासाठी सोडलेली रिकामी जागा. ज्या सेवेत बदलीचा हुकूम आला की आठ दिवसांत सामान बांधायचे असते, त्या सेवेतल्या कोणाही कुटुंबाने हा संच समोर ठेवून आपापली घरे मोजावीत. सरकारी निवासस्थानाचा ताबा सोडताना आपण पंखे, दिवे आणि नळ यांची यादी करून सही देतो. त्या यादीत जे येत नाही तेच या नऊ रेघांत आहे.

मला या चित्रांत सर्वांत महत्त्वाचे वाटले ते त्यांतले शब्द. नकाशा कोणीही काढील. घराला घरपण येते ते खोल्यांना घरच्या भाषेत नाव दिल्यावर. न्यूयॉर्कमध्ये बसून ती आपल्या वडिलांच्या घरात उर्दूच लिहिते, कारण ते घर त्या भाषेतच बांधलेले होते. विटा अलीगढला राहिल्या. शब्द तिच्याबरोबर गेले.

ही गोष्ट मनात ठेवून आपण कुंभकोणमला येऊ. कावेरी आणि तिचा फाटा अरसलार यांच्या मध्ये वसलेले हे जुने क्षेत्र तंजावरहून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. येथे आदिकुंभेश्वराचे आणि सारंगपाणीचे प्रचंड गोपुर आहे, विड्याची पाने आहेत, रेशमाचे माग आहेत आणि ते माग चालविणारे सौराष्ट्री विणकर आहेत. त्यांचे पूर्वजही पिढ्यांपूर्वी गुजरातेकडून उतरत उतरत येथवर आले. धातूचे काम तर या परिसराच्या रक्तात आहे. जवळच्या स्वामीमलैला मेणाचा साचा करून पंचधातूच्या देवमूर्ती ओततात, आणि नाचियारकोविलला पितळेच्या समया होतात. मेण, धातू आणि अग्नी यांचे नाते येथील कारागिरांना नवे शिकवावे लागत नाही.

याच प्रदेशात आपली मराठी माणसे आली. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि त्यांच्यामागून शिपाई, कारकून, पुराणिक, वैद्य, शिंपी, गवई अशी नाना प्रकारची कुटुंबे कावेरीकाठी आली. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यावर राज्यच खालसा झाले. पण माणसे परत गेली नाहीत. कोठे जाणार? पावणेदोनशे वर्षांत सातआठ पिढ्या येथे झाल्या होत्या आणि ज्या गावाहून पूर्वज निघाले त्या गावाचे नाव आडनावापुरतेच उरले होते. हिशेब आणि लेखन या दोन गुणांवर त्यांतील अनेक घराणी पुढे मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात टिकून राहिली.

या राजांनी ताम्रपटाची दोन्ही रूपे जपली याचे मला नवल वाटते. दुसऱ्या शहाजीराजांनी १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्याला शाहजिराजपुरम असेही नाव पडले. ज्याचा बाप एका पिढीपूर्वी परमुलखातून आला होता, तो राजा या मुलखातल्या पंडितांना घरे देतो आहे, यातला अर्थ ध्यानी घ्यावा. परका मनुष्य कोणत्या क्षणी घरचा होतो, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या पुस्तकांत फार किचकट केलेला आहे. त्याचे एक साधे उत्तर असे आहे की, जो स्वतःच्या दाराची काळजी सोडून दुसऱ्याला आसरा देऊ लागतो, तो घरचा झाला.

पुढे दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठीत शिलेवर कोरविला. कुळाची उत्पत्ती, महाराष्ट्रातले पराक्रम, दक्षिणेतले आगमन, हे सर्व चोळ राजाने बांधलेल्या भिंतीवर देवनागरीत उभे आहे. घर, कुटुंब आणि स्थलांतर हा विषय रेघेने खोदून ठेवण्याची इच्छा किती जुनी आहे याची साक्ष तेथे मिळते. आणि ही भिंतही सेगर्सच्या पत्र्यासारखीच आहे: मागचा डोंगर चोळांचा, पुढचे प्रवासी कुटुंब मराठ्यांचे. याच राजाने १८०५ मध्ये तंजावरला देवनागरीचा छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापविल्या. सरस्वती महाल ग्रंथालयात त्याच्या संग्रहातील युरोपीय मुद्राचित्रेही आहेत. मनुष्याची आणि पशूंची मुखे शेजारी शेजारी ठेवणारी फ्रेंच चित्रकार शार्ल लब्रां याची चित्रे तेथे पाहायला मिळतात. तांब्यावर रेघ कोरून ती कागदावर उतरविण्याची विद्या या मराठी राजाने फार आधी ओळखली होती.

राजवाडे सोडून आता साध्या घरात जाऊ. कुंभकोणमच्या जुन्या गल्लीतले घर रुंदीला थोडके आणि लांबीला पुष्कळ असते. पुढे रस्त्याला लागून दगडी किंवा चुनेगच्ची ओटा असतो, त्याला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात. वाटसरूने टेकावे, म्हाताऱ्यांनी संध्याकाळी बसावे, यासाठी तो बांधलेला असतो. आत गेले की मधोमध आभाळाला उघडा चौक, त्याला मुट्रम म्हणतात. त्याच्या भोवती पडवी, पुढे कूडम म्हणजे घराचा मुख्य दिवाणखाना, तेथे छताला टांगलेला झोपाळा, मग देवघर, स्वयंपाकघर आणि अगदी मागे विहीर व परसू. आपल्या देशावरच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला या घरात वाट विचारावी लागत नाही. ओसरी, चौक, माजघर, परसू हा क्रम पावलांना ठाऊक असतो.

अशा काही मराठी घरांत मी गेलो. तेथे मी नकाशावर लिहावेत असे शब्द ऐकत होतो. ओट्याला सारेजण तिण्णैच म्हणत. पोरे चौकाला मुट्रम म्हणत. पण एक एक उंबरा ओलांडून जसजसे आत जावे तसतशी भाषा पालटत जाई. देवघरात मराठी होती. स्वयंपाकघरात मराठी होती. पाणी, मीठ, विस्तव, ताट, यांची नावे मराठीत होती आणि मुलाला रागे भरताना आजी मराठीत रागे भरे. ती मराठी पुण्याची नाही, नाशिकची नाही. तिच्या वाक्यांना तमिळचे वळण आहे, तिच्यात तेलुगू आणि कानडीचे दाणे मिसळलेले आहेत आणि आपण केव्हाच टाकून दिलेले काही जुने शब्द तिच्यात सहज नांदत आहेत. पुष्कळ घरांत ती आता तमिळ लिपीतच लिहिली जाते. जर कोणी चित्रकाराने या घराचा नकाशा तांब्यावर कोरला आणि प्रत्येक दालनात तेथे बोलला जाणारा शब्द लिहिला, तर रस्त्याकडचा भाग तमिळ, मधला दुभाषी आणि आतला मराठी असे चित्र उमटेल. एखाद्या कुटुंबाने साडेतीनशे वर्षांत किती अंतर चालले हे दाखविणारा याहून चांगला नकाशा मला माहीत नाही.

या घरांतून निघालेली माणसे पुन्हा दूर दूर गेली. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमला, अशाच एका मराठी घराण्यात झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. पूर्वज महाराष्ट्रातून कावेरीकाठी आले होते. हे आता होळकर आणि गायकवाड या मराठी राजांचा कारभार सावरण्यासाठी कावेरीकाठून वर गेले. त्यांचे नातलग दिवाण बहादूर आर. रघुनाथराव हेही इंदूरचे दिवाण होते. स्थलांतर हा सरळ रस्ता नसतो. पुष्कळदा तो वळसा घेऊन आपल्याच दारावरून जातो आणि दार ओळखीचे वाटले तरी आत राहणारे निराळे असतात.

याच माधवरावांनी १८८४ च्या सुमारास राजा रविवर्म्याला एक सल्ला दिला. लोकांची मागणी मोठी आणि चित्रकाराचे हात दोनच, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढवाव्यात, असा त्याचा आशय होता. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. मग तो मळवलीला गेला. माधवराव १८९१ मध्येच वारले होते, त्यांना ते पाहायला मिळाले नाही. पण त्या छापखान्यातली लक्ष्मी आणि सरस्वती किती बिऱ्हाडांच्या भिंतींवर चढली याची गणती नाही. नव्या गावी भाड्याच्या खोलीत पाऊल टाकल्यावर प्रथम खिळा ठोकला जाई तो देवाच्या तसबिरीसाठी. घर सोडलेल्या माणसाला घर पुन्हा मांडण्यासाठी छापील चित्र लागते, हे ज्या माणसाने ओळखले तो स्वतः अनेक बिऱ्हाडे केलेला कुंभकोणमचा मराठी मनुष्य होता, हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

श्रोतेहो, आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमची शिरगणती १८८१ पासून माणसाला जन्मस्थान विचारीत आली आहे. १९७१ पासून यापूर्वीचे निवासस्थानही विचारू लागली. या दोन रकान्यांवरून स्थलांतरित कोण हे ठरते. आता कुंभकोणमच्या एखाद्या मराठी गृहस्थाला समोर बसवा. जन्म कुंभकोणमचा. यापूर्वीचे निवासस्थान कुंभकोणम. बापाचे, आज्याचे, पणज्याचेही तेच. तेव्हा रकाना म्हणतो, हा स्थलांतरित नाही. पुढच्या रकान्यात मातृभाषा विचारली की तो सांगतो, मराठी. शेजारी त्याच्या नावापुढे राव किंवा रायर लावतात. आणि त्याचा मुलगा चेन्नईला, नातू अमेरिकेत असेल, तर नातवाच्या रकान्यात काय लिहायचे? रकाने खोटे नसतात. राज्यकारभार त्यांच्यावाचून चालत नाही आणि मी जन्मभर ते भरीत आलो आहे. परंतु त्यांना प्रश्न विचारता येतो तो जागेविषयी. घराविषयी विचारण्याला दुसरी लेखणी लागते.

विक्रीचे दस्त पाहतानाही हेच जाणवते. जुनी घरे विकली जात आहेत. मुले परगावी, म्हातारी माणसे एकटी, डागडुजीचा खर्च न झेपणारा. तेव्हा विक्रीत कोणाचा दोष काढावा असे नाही. दस्तात पूर्वेची भिंत लिहिली जाते, पश्चिमेची गल्ली लिहिली जाते, विहिरीतला हिस्सा लिहिला जातो. झोपाळा कोठे टांगला होता, आजी कोणत्या खांबाला टेकून ताक घुसळी आणि त्या खांबाला घरात काय म्हणत, हे कोठेच लिहिले जात नाही. घर पाडले की हे शब्द निराधार होतात. ज्या खोलीचे नाव उच्चारायचे ती खोली नाही, मग नाव कोणासाठी उच्चारायचे? बोलीभाषा शाळेत मरते, बाजारात मरते असे आपण म्हणतो. मला वाटते ती पुष्कळदा घराबरोबर मरते.

अम्लरेखनाच्या पत्र्याला एक मर्यादा असते, ती सांगायची राहिली. दाबयंत्राखालून प्रत्येक प्रत निघताना पत्रा थोडासा झिजतो. आरंभीच्या प्रती गडद आणि रेखीव येतात. पुढे पुढे बारीक रेघा जातात आणि ठळक तेवढ्या राहतात. म्हणून चित्रकार प्रतींची संख्या ठरवून घेतो आणि प्रत्येक प्रतीवर तिचा अनुक्रम घालतो. तांब्यावर पोलादाचा मुलामा देऊन पत्र्याचे आयुष्य वाढविण्याचीही युक्ती आहे. कुंभकोणमच्या मराठीची आज दहावीबारावी प्रत निघते आहे. ठळक रेघा अजून आहेत: नाती, सणवार, देवाची गाणी, जेवणाचे पदार्थ. बारीक रेघा, म्हणजे म्हणी, उखाणे, वस्तूंची नेमकी नावे, क्रियापदांच्या छटा, या पुसट होऊ लागल्या आहेत. तंजावरच्या मोडी कागदपत्रांचे रुमाल ग्रंथालयात बांधून ठेवलेले आहेत, राजाचा इतिहास शिलेवर आहे. दरबाराची भाषा सुरक्षित आहे. स्वयंपाकघराची भाषा तेवढी कोणाच्याच दप्तरात नाही.

यावर दोन प्रकारचे लोक दोन प्रकारचे उपाय सुचवितात. काहीजण म्हणतात, या लोकांना शुद्ध मराठी शिकवावी. मला हे सेगर्सच्या पत्र्यावरचा डोंगरही घासून काढण्यासारखे वाटते. त्यांच्या बोलीत जे तमिळ आले आहे तो मळ नव्हे; ते या भूमीने त्यांना दिलेले आहे. दुसरे म्हणतात, साडेतीनशे वर्षे झाली, आता ही मंडळी पूर्ण तमिळच झाली असे समजून हा विषय सोडून द्यावा. तेही खरे नाही. झाडीत पंख दिसतो आहे, तो नाही असे कसे म्हणावे? या दोन्ही मतांत चूक एकच आहे. माणसाला एकच घर असू शकते असे दोन्ही पक्ष धरून चालतात. झरीनेने नऊ घरे रेखाटली आणि तरी अलीगढचे घर पुसले नाही.

मला सुचते ते काम लहान आहे. बारा वर्षांनी एकदा, गुरू सिंह राशीत असता माघ महिन्यात, कुंभकोणमच्या महामखम तीर्थात स्नानाचा मेळा भरतो. गुरू सिंहेत आला की आपल्याकडे नाशिकला सिंहस्थ असतो. त्याच ग्रहयोगावर कुंभकोणमचे हे पर्व आहे. त्या दिवशी देशातल्या नद्या या तळ्यात येतात अशी श्रद्धा आहे आणि त्या नद्यांत गोदावरीही आहे. यापूर्वीचे पर्व २०१६ मध्ये झाले, पुढचे २०२८ मध्ये येईल. त्या वेळी चेन्नईहून, मुंबईहून, परदेशातून या गावची विखुरलेली मराठी कुटुंबे येतील. तोवर जी घरे उभी असतील त्यांत उतरतील. नसतील तर त्या गल्लीतून एक फेरी मारतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसासमोर एक मोठा कागद ठेवावा आणि घराचा नकाशा काढायला सांगावे. रेघा वाकड्या आल्या तर येऊ द्याव्यात. मग प्रत्येक चौकोनात त्या जागेला घरात काय म्हणत ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यावे, तमिळ शब्द तर तमिळ, मराठी तर मराठी, लिपी हाताला येईल ती. खाली वर्ष घालावे.

राजाचा ताम्रपट चंद्रसूर्य असेतोवर टिकण्याचे वचन देतो. ते कोणाच्याही बाबतीत पाळले गेले नाही. या कागदाला तसे वचन देता येणार नाही. येथे आम्ही राहत होतो आणि या जागेला आम्ही असे म्हणत होतो, एवढेच तो सांगेल. पुढच्या पिढीला आपले घर कोठून सुरू झाले हे शोधायला तेवढे पुरेसे आहे.